कोशकार सर जेम्स मरे आणि दीर्घोद्योगाचें व्याकरण

इंग्रजीच्या निबंधवह्या तपाशीत असतां एक चूक आमच्या लाल शाईखालीं जितक्या वेळां येते, तितक्या वेळां दुसरी कोणतीही येत नसेल. ‘दहा वर्षांपासून’ असें म्हणावयाचें असल्यास आमचे विद्यार्थी ‘सिन्स टेन इयर्स’ असें लिहितात. आणि ‘मी दोन तासांपासून वाट पाहत आहे’ या वाक्याचें भाषांतर सरळ वर्तमानकाळांत करून मोकळे होतात. दोष सर्वस्वीं त्यांचा नाहीं. आपल्या मराठींत ‘पासून’ हें एकच अव्यय दोन कामें करतें. ‘सोमवारपासून’ म्हणा कीं ‘चार दिवसांपासून’ म्हणा, त्याला दोन्ही सारखींच. इंग्रजी भाषा मात्र येथें भेद करिते. आरंभाचा क्षण सांगावयाचा असेल तेथें ‘सिन्स’, आणि लोटलेल्या काळाचें माप सांगावयाचें असेल तेथें ‘फॉर’. शिवाय आपलें वाट पाहणें मराठींत साध्या वर्तमानकाळांत मावतें. इंग्रज मनुष्य तें भूतकाळांतून ओढीत आजच्या घटकेपर्यंत आणून सोडतो, आणि त्यासाठीं ‘हॅव बीन वेटिंग’ असें तीन पदांचें क्रियापद योजितो.

असे नियम पाठ होतात आणि परीक्षा संपतांच विसरले जातात. म्हणून दीर्घ प्रतीक्षा व दीर्घ उद्योग दर्शविणाऱ्या इंग्रजींतील कांहीं नित्याच्या वाक्यरचना आम्हीं यंदां एका मनुष्याच्या चरित्राच्या आधारानें शिकवून पाहिल्या. तो मनुष्य आमच्याप्रमाणेंच एक शाळामास्तर होता, आणि ज्या कोशांत या सर्व शब्दांचा उगमापासूनचा इतिहास सांपडतो, त्या कोशाचा तो संपादक होता. त्याचें चरित्र वाचकांस येथें थोडक्यांत सादर करितों.

जेम्स मरे यांचा जन्म ता. ७ फेब्रुवारी १८३७ रोजीं स्कॉटलंडच्या दक्षिण भागांत हॉइकजवळील डेनहोम नांवाच्या खेड्यांत झाला. वडील शिंप्याचा धंदा करीत. घरांत सचोटी होती, परंतु पैसा नव्हता. चौदाव्या वर्षीं, पुढील शिक्षणाचा खर्च झेपेना म्हणून, मुलाची शाळा सुटली. शिक्षण मात्र सुटलें नाहीं. वनस्पति, खडक, जुने अवशेष, आसपासच्या खेडुतांची बोली, परक्या भाषांचीं व्याकरणें, जें जें हातीं लागेल तें तें हा मुलगा शिकत गेला. सतराव्या वर्षीं तो हॉइक येथील शाळेंत साहाय्यक शिक्षक झाला व विसाव्या वर्षीं त्याच गांवांतील दुसऱ्या एका शाळेचा मुख्याध्यापक झाला.

येथपर्यंतची वाट चढती होती; पुढें ती एकाएकीं खालीं वळली. लग्न झालें, मूल झालें, आणि तें मूल तान्हेपणींच वारलें. पत्नी मॅगी क्षयानें खंगूं लागली. डॉक्टरांनीं उबदार हवेच्या प्रदेशांत जाण्यास सांगितलें. दक्षिण फ्रान्सला जाण्याची ऐपत शिक्षकाला कोठून असणार? उपाय म्हणून मरे लंडनला आले व ज्या बँकेची एक शाखा आपल्या मुंबईंतही होती त्या ‘चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना’ हिच्या लंडनच्या कचेरींत कारकून झाले. परंतु मॅगी वांचली नाहीं. १८६५ सालीं ती निवर्तली. पुढें १८६७ सालीं मरे यांनीं एडा रुथवेन या सुशील स्त्रीशीं विवाह केला. या दांपत्यास अकरा मुलें झालीं. मधल्या काळांत, १८६६ सालीं, मरे यांनीं ब्रिटिश म्यूझियमकडे नोकरीसाठीं अर्ज केला व आपणांस थोड्याबहुत अवगत असलेल्या भाषांची लांबलचक यादी त्यास जोडली. ती वाचून आजही मनुष्य थक्क होतो. नोकरी मात्र मिळाली नाहीं. बँकेंतील खतावण्यांवर कांहीं वर्षें घालविल्यानंतर १८७० सालीं ते लंडनजवळील मिल हिल येथील शाळेंत पुन्हां शिक्षक म्हणून रुजू झाले. दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवर त्यांनीं लिहिलेला ग्रंथ १८७३ सालीं प्रसिद्ध झाला, आणि विद्वानांच्या मंडळींत या शाळामास्तराचें नांव होऊं लागलें.

आतां कोशाकडे वळूं. १८५७ हें साल मराठी वाचकांस कोशांच्या संबंधानेंही आठवण्याजोगें आहे. कारण मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति मुंबईस याच सालीं निघाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढें रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच या विद्वान धर्मोपदेशकांनीं त्या काळच्या इंग्रजी कोशांतील उणिवा दाखविणारे निबंध वाचले. कोशकारानें शब्दांचा न्यायाधीश न होतां इतिहासकार व्हावें, शब्द भाषेंत केव्हां आला, त्याचा अर्थ कसकसा पालटला व तो केव्हां लोपला, हें ग्रंथांतील आधारांनिशीं दाखवावें, असा त्यांचा अभिप्राय होता. सोसायटीनें नव्या कोशाचा संकल्प केला. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज हे वयाच्या तिसाव्या वर्षीं, १८६१ सालीं, क्षयानें वारले. त्यांच्यामागून आलेले फ्रेडरिक फर्निव्हल हे उत्साहाचे सागर होते; परंतु सागराला किनारा लागतो, तसा त्यांच्या उत्साहाला लागेना. कार्य रेंगाळलें. अखेर ता. १ मार्च १८७९ रोजीं ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याशीं करार झाला आणि संपादकपदाची धुरा मरे यांच्या खांद्यावर आली. त्या वेळीं ते बेचाळीस वर्षांचे होते. चार खंड, सुमारें साडेसहा हजार पृष्ठें, आणि मुदत दहा वर्षें, असा अंदाज होता. शाळेची नोकरी संभाळून हें काम करतां येईल असें खुद्द मरे यांसही वाटलें.

हीच आमची ‘सिन्स’ची तारीख. विद्यार्थ्यांनीं ती वहीच्या समासांत लिहून ठेवावी. १८७९ पासून पुढें मरे यांच्या आयुष्यांतील प्रत्येक वाक्यास तीच तारीख जोडावी लागते.

मरे यांनीं शाळेच्या आवारांत पन्हळी पत्र्याची एक खोली उभारली व तिला ‘स्क्रिप्टोरियम’, म्हणजे मध्ययुगीन मठांतील लेखनशाळा, असें भारदस्त नांव दिलें. आंत भिंतींशीं १,०२९ खणांचीं लांकडी कपाटें बसविलीं. मग फर्निव्हलसाहेबांकडून जमलेल्या चिठ्ठ्या आल्या. त्यांचें वजन सुमारें दोन टन भरलें. पोत्यांतून, पेट्यांतून आलेल्या त्या कागदांची दशा काय वर्णावी? एका पोत्यांत मेलेला उंदीर निघाला, तर दुसऱ्यांत उंदरांनीं संसार थाटलेला आढळला. ‘एच्’ अक्षराच्या चिठ्ठ्या इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं जाऊन पडल्या होत्या. ‘पी’ अक्षराच्या कांहीं चिठ्ठ्या आयर्लंडांतील एका तबेल्यांत सांपडल्या. त्यांतील पुष्कळशा चुली पेटविण्याकडे खर्ची पडल्या होत्या! बावीस वर्षें वाट पाहून जें पदरीं पडलें, त्यांतलें कितीतरी पुन्हां नव्यानें गोळा करावें लागलें.

चिठ्ठ्यांची पद्धति समजून घेण्यासारखी आहे. मरे यांनीं छापील विनंतीपत्रकें काढून इंग्रजी वाचणाऱ्या सर्व जगास आवाहन केलें. ज्यास वेळ असेल त्यानें एखादा ग्रंथ वाचावा. त्यांत लक्षांत भरणारा शब्द आला कीं लहानशा कागदावर कोपऱ्यांत तो शब्द लिहावा. खालीं सन, ग्रंथकार, ग्रंथ, पृष्ठ, आणि तो शब्द ज्या वाक्यांत आला तें वाक्य उतरून घ्यावें. अशी एक चिठ्ठी म्हणजे एका शब्दाची एक साक्ष. स्क्रिप्टोरियममध्यें चिठ्ठ्या प्रथम अक्षरवार लावीत, मग एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या कालक्रमानें मांडीत, मग अर्थाप्रमाणें त्यांचे गट पाडीत. संपादक त्या गटांवरून व्याख्या लिही. मरे यांचीं मुलेंही, वाचतां येऊं लागतांच, खाऊच्या पैशांकरितां चिठ्ठ्या लावण्यास बसत. वर्षांमागून वर्षें पन्नास लाखांच्या आसपास चिठ्ठ्या जमल्या.

मदत करणारांत तऱ्हेतऱ्हेचे लोक होते. त्यांपैकीं एकाचा आपल्या देशाशीं संबंध आहे. फिट्झएडवर्ड हॉल हे अमेरिकन गृहस्थ १८४६ सालीं कलकत्त्यास येत असतां गंगेच्या मुखाशीं त्यांचें जहाज फुटलें. त्या संकटाच्या निमित्तानें ते हिंदुस्थानांत राहिले, संस्कृत शिकले व काशीच्या सरकारी कॉलेजांत अध्यापक झाले. पुढें इंग्लंडांतील एका खेड्यांत एकांतवास पतकरून ते रोज कित्येक तास मरे यांच्या कोशाचीं मुद्रितें तपाशीत व त्यांत आधारांची भर घालीत. या श्रमाबद्दल त्यांनीं एक पैही घेतली नाहीं. १९०१ सालीं मृत्यु आला तोंवर त्यांचा हा नेम चालला.

आतां दुसरी वाक्यरचना. एखाद्या कामास किती काळ लागला हें सांगतांना इंग्रजींत ‘इट टुक’ असा आरंभ करितात. जणूं कामानेंच आपल्या हातानें मनुष्याचीं वर्षें उचलून नेलीं. कोशाचा पहिला भाग १८८४ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला. तो ३५२ पृष्ठांचा होता व ‘ए’ पासून ‘अँट’ म्हणजे मुंगी या शब्दापर्यंत पोंचला होता. दहा वर्षांच्या मुदतींतील पांच वर्षें मुंगीनें खाल्लीं! छापखान्याच्या विश्वस्तांस चिंता वाटणें साहजिक होतें. खर्च वाढत होता, विक्री अपेक्षेइतकी नव्हती. वेग वाढवा, आधार कमी करा, वर्तमानपत्रांतील उतारे गाळा, असे आग्रह सुरूं झाले. मरे यांनीं राजीनाम्याचाही विचार केला. त्यांची अडचण अशी कीं, जो शब्द घाईनें उरकावा तोच पुढें खोटी साक्ष देणार. आणि खोटी साक्ष देण्यास त्यांची धर्मबुद्धि तयार नव्हती.

१८८५ सालीं ते शाळा सोडून सहकुटुंब ऑक्सफर्डला राहावयास गेले. तेथें घरामागील बागेंत दुसरें स्क्रिप्टोरियम बांधलें. शेजाऱ्यांच्या दृष्टीस तें खुपूं नये म्हणून त्याची जमीन सुमारें तीन फूट खोल खणून घ्यावी लागली. त्यामुळें आंत ओल येई, थंडी पायांतून वर चढे. मरे जाड कपडे घालून, पाय एका खोक्यांत घालून बसत. तरी हिवाळ्यांत त्यांना वारंवार सर्दी-पडसें होई. पत्रव्यवहार इतका वाढला कीं टपालखात्यानें त्यांच्या घरासमोर स्वतंत्र टपालपेटी बसविली, आणि पाकिटावर नांव व ऑक्सफर्ड एवढेंच लिहिलें तरी पत्र बिनचूक येऊन पोंचे.

दहा वर्षांची मुदत भरत आली त्या सुमारास, १८८८ सालीं, पहिला खंड पुरा झाला. त्यांत इंग्रजी वर्णमालेचीं ‘ए’ व ‘बी’ हीं दोनच अक्षरें होतीं. त्याच सुमारास हेन्री ब्रॅडली यांस दुसरे संपादक नेमण्यांत आलें. पुढें १९०१ सालीं विल्यम क्रेगी व १९१४ सालीं चार्ल्स अनियन्स हेही संपादक झाले. अक्षरें वांटून घेण्यांत आलीं. तरीही निम्म्याच्या आसपास कोश एकट्या मरे यांच्या हातचा आहे.

एवढ्या दक्षतेंतूनही चूक व्हावयाची ती झालीच. ‘बाँडमेड’ म्हणजे दासी या शब्दाच्या चिठ्ठ्या कोठेंतरी गहाळ झाल्या व तो शब्द पहिल्या खंडांतून निसटला. १९३३ सालीं पुरवणी निघाली तेव्हां त्याला जागा मिळाली. निबंधांतील एखादें अक्षर सुटल्याबद्दल आम्हीं ज्यांचे गुण कापले, त्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. मात्र आपल्या बचावासाठीं ती आमच्यापुढें मांडूं नये.

तिसरी रचना ‘नॉट अन्टिल’ची. अमुक काळ येईपर्यंत अमुक गोष्ट घडली नाहीं, असें सांगतांना ही रचना येते. मराठींत आपण ‘तेव्हां कोठें’ म्हणतों, तोच हिचा भाव. सरकारनें मरे यांस ‘सर’ ही पदवी दिली ती १९०८ सालीं. तेव्हां ते एकाहत्तर वर्षांचे होते. ज्या ऑक्सफर्डचें नांव त्यांच्या कोशामुळें घरोघरीं गेलें, त्या विद्यापीठानें त्यांस सन्मान्य डॉक्टरची पदवी दिली ती १९१४ सालीं. तेव्हां त्यांना त्या गांवीं राहून एकोणतीस वर्षें झालीं होतीं. शिंप्याच्या मुलाला विद्यापीठाच्या अंगणांत पाहुण्यासारखें वागविलें गेलें, असें म्हणणें कठोर आहे. पण अगदींच चुकीचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आपल्या ऐंशीव्या वाढदिवशीं, म्हणजे १९१७ सालीं, कोश पुरा व्हावा अशी मरे यांची आशा होती. परंतु तसें घडावयाचें नव्हतें. महायुद्ध सुरूं झालें. मदतनीस सैन्यांत गेले. स्वतः मरे आजारी पडले. तरी मृत्यूच्या महिन्यांतही ते स्क्रिप्टोरियममध्यें येत होते. ‘टी’ अक्षराचें काम चाललें असतां, ता. २६ जुलै १९१५ रोजीं, फुप्फुसाच्या आवरणाच्या विकारानें त्यांचें देहावसान झालें. वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचें होतें. ऑक्सफर्डजवळील वुल्व्हरकोट येथील दफनभूमींत त्यांचे मित्र जेम्स लेग यांच्या कबरेशेजारीं त्यांस पुरलें आहे. लेग हे चीनमधील मिशनरी असून चीनच्या प्राचीन ग्रंथांच्या भाषांतरांत त्यांनीं आयुष्य वेंचलें होतें. दोघेही स्कॉटिश, दोघेही दीर्घोद्योगी. शेजार शोभणारा आहे.

येथें चौथी रचना येते. मरण आलें तेव्हां मरे छत्तीस वर्षें काम करीत आलेले होते. हें वाक्य इंग्रजींत लिहितांना ‘हॅड बीन वर्किंग’ असा पूर्णभूतकाळ लागतो. पूर्ण हा शब्द व्याकरणाचा आहे. काळ पूर्ण होतो. काम पूर्ण झालेंच असें नाहीं.

काम पूर्ण झालें १९२८ सालच्या एप्रिल महिन्यांत. ज्या रचनेनें तें सांगावयाचें ती पांचवी, ‘बाय द टाइम’. ज्या वेळीं कोश संपला, त्या वेळेपावेतों मरे यांस जाऊन जवळजवळ तेरा वर्षें व ब्रॅडली यांस जाऊन पांच वर्षें झालीं होतीं. त्या वर्षींच्या जून महिन्यांत लंडनमध्यें मोठी मेजवानी झाली व पंतप्रधान बाल्डविन यांनीं कोशाचा गौरव केला. दहा खंड, पंधरा हजारांहून अधिक पृष्ठें, चार लाख चौदा हजारांवर शब्द, आणि अठरा लाखांहून अधिक उतारे. संकल्पापासून एकाहत्तर वर्षें व करारापासून एकोणपन्नास वर्षें. मरे यांची कन्या रॉसफ्रिथ लहानपणीं चिठ्ठ्या लावीत असे. ती शेवटपर्यंत कोशाच्या कामावर होती. वडिलांनीं न पाहिलेली अखेर तिनें पाहिली. पुढें १९८९ सालीं कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ति निघाली.

हा पाठ वर्गांत संपविला तेव्हां मागच्या बांकावरील एका मुलानें आम्हांस विचारलें कीं, ज्याला आपलें काम पुरें झालेलें दिसलें नाहीं, तो शेवटीं हरलाच ना? प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्या मुलाचें घरचें शिक्षण आधीं दोनदां खुंटलें होतें, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्हांस त्या दिवशीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. घंटा झाली, हें बरेंच झालें.

घरीं जाऊन आम्हीं कोशांतील अक्षरांची वांटणी पुन्हां पाहिली. ‘एच्’, ‘पी’ व ‘टी’ हीं अक्षरें मरे यांच्या वांट्याचीं. म्हणजे ‘होप’ हा आशेचा शब्द, ‘पेशन्स’ हा धीराचा शब्द आणि ‘टाइम’ हा काळाचा शब्द त्यांच्या देखरेखीखालीं तयार झाला. ‘डब्ल्यू’ अक्षर मात्र सर्वांच्या मागून निघालें. ‘एक्स’, ‘वाय’, ‘झेड’ हीं अक्षरेंही त्याच्या आधीं आटोपलीं होतीं. तेव्हां ‘वेट’ म्हणजे वाट पाहणें, आणि ‘वर्क’ म्हणजे काम, हे दोन शब्द त्यांच्या मरणानंतर दुसऱ्यांनीं पुरे केले. परंतु कोणत्या पद्धतीनें? चिठ्ठीची, कालक्रमाची, अर्थाच्या गटांची जी शिस्त त्या पत्र्याच्या खोलींत मरे यांनीं घालून दिली, त्याच शिस्तीनें. काम करणारांचे हात बदलले; कामाची रीति बदलली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलास एवढेंच सांगितलें. या पांच वाक्यरचनांपैकीं ‘फॉर’ची वर्षें किती मिळतील हें आपल्या हातीं नाहीं. ‘इट टुक’चा हिशेब काम स्वतः ठरवितें. ‘नॉट अन्टिल’ हें बहुधा दुसऱ्यांच्या मर्जीवर असतें, आणि ‘बाय द टाइम’ म्हणण्यास आपण असूं कीं नाहीं, हें देव जाणे. ‘सिन्स’ची तारीख तेवढी मनुष्याच्या स्वाधीन आहे. मरे बेचाळिसाव्या वर्षीं, शाळेचा फळा पुसतां पुसतां, ती तारीख घालूं शकले. त्या मुलानें मान डोलाविली नाहीं कीं नाकारलेंही नाहीं. परंतु त्या आठवड्याच्या निबंधांत ‘फॉर’ व ‘सिन्स’ हीं दोन्ही त्यानें बिनचूक लिहिलीं होतीं, आणि वहीच्या समासांत त्या दिवसाची तारीख घातली होती. तिच्यावर आम्हीं लाल शाई चालविली नाहीं.